चोवीस तासांच्या तंबूत बत्तीस दिवस

२४ ऑक्टोबर २०२२ या दिवशी डेव्हिड नील इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या मॅन्स्टन इथे पोहोचले. ब्रिटनच्या सीमा आणि स्थलांतर विभागाच्या कामाची तपासणी करणारे ते तेव्हाचे स्वतंत्र मुख्य निरीक्षक. त्याआधीची नोकरी लष्करी पोलिसांत झालेली, त्यामुळे तंबू, छावणी, गर्दी, पहारा यांतले काहीच त्यांना नवखे नव्हते. तरीही दोन दिवसांनी संसदेच्या गृहविषयक समितीपुढे साक्ष देताना, तिथे जे पाहिले त्याने आपली वाचाच बसली, अशा अर्थाचे ते बोलले. एका तंबूत त्यांना एक अफगाण कुटुंब भेटले होते. ते कुटुंब त्या तंबूत ३२ दिवसांपासून होते. नियमाप्रमाणे तिथे कुणालाही २४ तासांपेक्षा जास्त ठेवायचे नव्हते.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रबरी होड्यांत बसून इंग्लिश खाडी ओलांडणारी माणसे आधी डोव्हर बंदरात उतरवली जातात. तिथून बसने मॅन्स्टन. ही लष्कराची जुनी जागा, अग्निशमन प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी. फेब्रुवारी २०२२ पासून गृहखात्याने तिथे तंबू उभारून नवागतांची नोंदणी सुरू केली. बोटांचे ठसे, छायाचित्र, नाव-गाव, सुरक्षा तपासणी, आणि मग निर्वासितांसाठी घेतलेल्या एखाद्या हॉटेलात रवानगी, असा एका दिवसाचा मामला. एका वेळी १,००० ते १,६०० माणसे सामावतील, असा अंदाज होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे सुमारे ४,००० माणसे होती.

एवढी माणसे साठली कशी, याचे उत्तर किनाऱ्यावर शोधून मिळत नाही. त्या वर्षी ४५ हजारांहून अधिक लोक होड्यांतून आले हे खरे. पण पावसाळी महिन्यांत पाणी चढणार हे ठाऊक असलेल्या धरणाच्या अभियंत्याने दरवाजे वेळेवर उघडले नाहीत, तर दोष पावसाला देता येत नाही. होड्यांचा हंगाम, हवामान, आदल्या वर्षीचे आकडे, सगळे गृहखात्याच्या हाताशी होते. अडले ते पुढच्या टोकाला. मॅन्स्टनमधून माणसे हलवायची तर हॉटेलच्या खोल्या हव्यात, आणि त्या पुरेशा घेतल्या गेल्या नाहीत. हॉटेलांवर रोजचे सुमारे ५६ लाख पौंड खर्च होतात, यावरून तेव्हा राजकारण तापले होते. गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी कायदेशीर सल्ला डावलून खोल्या घेण्याचे थांबवले, असा आरोप झाला. त्यांनी तो संसदेत फेटाळला. आरोप खरा की खोटा हे ठरवणे चौकशीचे काम. तंबूतल्या माणसाला मात्र रोज सकाळी एवढेच कळत होते, की आजही बस आलेली नाही.

त्यातच ३० ऑक्टोबरला एका माणसाने डोव्हरच्या केंद्रावर पेट्रोल बॉम्ब फेकले. तिथल्या सातशे जणांना सुरक्षेसाठी कुठे हलवायचे? मॅन्स्टनलाच. त्याच दिवसांत एका लहान मुलीने बाटलीत घातलेली चिठ्ठी कुंपणावरून बाहेर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराकडे फेकली. आत गरोदर बायका आहेत, आजारी माणसे आहेत, आम्ही तुरुंगात असल्यासारखे राहतो आहोत, असे त्यात लिहिले होते. ज्या देशात तक्रार निवारणाच्या यंत्रणांची कमतरता नाही, तिथे एका मुलीला बाहेरच्या जगाशी बोलायला बाटली फेकावी लागली, ही बाब त्या केंद्राच्या रचनेबद्दल पुष्कळ काही सांगते. आत येताना मोबाइल काढून घेतले जात. तुरुंग निरीक्षकांच्या पथकाने जुलैमध्ये, म्हणजे गर्दी शिगेला पोहोचण्याच्या बऱ्याच आधी, मॅन्स्टनची पाहणी केली होती. थकलेली माणसे जमिनीवर झोपलेली त्यांना तेव्हाच दिसली. सुखरूप पोहोचलो एवढे घरी कळवायलाही फोन मिळत नसल्याचे त्यांनी नोंदवले. शौचालयाचे दार पूर्ण लावू दिले जात नाही, असेही काहींनी त्यांना सांगितले. हा अहवाल प्रसिद्ध झाला १ नोव्हेंबरला.

मग आजार आले. खरूज आणि घटसर्प. घटसर्प हा शब्द आजच्या तरुण मराठी आईबापांनी फक्त लसीकरणाच्या कार्डावर वाचलेला असतो. आपल्याकडे दीड महिन्याच्या बाळाला जी लस टोचतात, तिच्यात घटसर्पापासूनचे संरक्षण असते. ज्यांच्या देशात वर्षानुवर्षे युद्ध चालू आहे, दवाखाने पडले आहेत, ज्यांनी महिनोन्‌महिने वाटेवर काढले आहेत, त्यांच्याकडे हे कार्ड असेलच असे नाही. शिवाय हा जंतू घशात बसतो तसा त्वचेवरच्या जखमेतही बसतो. खरजेने खाजवून झालेल्या जखमा, एकमेकांना खेटून झोपलेली माणसे, बदलायला कपडे नाहीत, हात धुण्याच्या जागेपुढे रांग. रोग पसरायला याहून सोयीची जागा कुठली? खरजेवर साधे मलम आहे. पण ते अंगभर लावून, अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे धुऊन, शेजारी झोपणाऱ्यांनाही त्याच वेळी उपचार देऊन मगच खरूज जाते. एकाच घोंगडीवर दहा दिवस काढणाऱ्याला मलमाची नळी देऊन काय साधणार?

इंग्लंडमध्ये २०२२ साली आश्रयार्थींत घटसर्पाचे सत्तरहून अधिक रुग्ण सापडले. त्यातले अनेकजण देशात येण्याआधीच बाधित झाले असावेत, हे आरोग्ययंत्रणेचे म्हणणे मान्य करावे लागेल. पण बाधित माणसाला उतरल्या उतरल्या तपासणे, लस आणि प्रतिजैविक देणे, वेगळे ठेवणे, हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचे काम. सरसकट सगळ्यांना लस आणि औषध देण्याची शिफारस नोव्हेंबरमध्ये झाली. १९ नोव्हेंबरला एका तरुणाचा रुग्णालयात मृत्यू झाला. आठवडाभरापूर्वीच तो होडीतून आला होता आणि मॅन्स्टनमध्ये ठेवला गेला होता. पहिल्या तपासणीत घटसर्प नाही असे आले, नंतरच्या तपासणीत तो असल्याचे निघाले. त्यानंतर तीन दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, मॅन्स्टन रिकामे झाले होते. काही आठवड्यांपूर्वी जे अशक्य म्हटले जात होते ते इतक्या झटपट झाले, यावरून ते आधीही शक्य होते असे म्हणायला जागा आहे.

अशा जागांत माणसांचे हाल होतात ते बहुतेक वेळा कुणाच्या क्रौर्यामुळे होत नाहीत. ते होतात मुदतीच्या आडून. माणूस इथे काही तासच राहणार, असे एकदा गृहीत धरले की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप गळतात. काही तासांसाठी खाट कशाला, बाक पुरे. अंघोळीची सोय कशाला, बेसिन आहे. गरम जेवण कशाला, बिस्किटे आणि सँडविच आहेत. दुभाषा, डॉक्टर, मुलांना खेळायला जागा, वकिलाला फोन, हे सगळे पुढच्या ठिकाणी मिळेलच. आणि मग पुढचे ठिकाण भरते. घड्याळाचा काटा सरकत राहतो, खोली मात्र तीच राहते. मुदत ही बंदिवानाच्या रक्षणासाठी लिहिलेली असते. प्रत्यक्षात ती खर्च वाचवण्याचे कारण होऊन बसते.

मॅन्स्टनच्या आधी हेच काम डोव्हर बंदरातल्या टग हेवन या जागेत चालत असे. २०२० मध्ये निरीक्षकांना ती जागा राडारोडा पडलेल्या बांधकामाच्या आवारासारखी वाटली होती. पुढच्याच वर्षी तिथे त्यांना सोळा वर्षांची एक मुलगी आढळली. होडीतले इंधन आणि खारे पाणी एकत्र आले की कातडी भाजते. तिचे पाय तसे भाजले होते आणि दोन दिवस ती त्याच ओल्या कपड्यांत होती. तो ओला कपडा भाजलेल्या जागेवर घासत राहिला. कोरडी पॅंट द्यायला कुठल्या कायद्याची दुरुस्ती लागते? टग हेवन बंद करून सरकारने मॅन्स्टन उघडले ते अशा अहवालांनंतरच. नवी जागा आली. जुना समज मात्र तसाच सोबत आला.

हिथ्रोचे नाव तर मराठी घरांत पुण्याच्या स्टेशनाइतके ओळखीचे. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई आणि शिकायला निघालेला मुलगा तिथेच उतरतात. त्याच विमानतळाच्या इमारतींत, प्रवेश नाकारलेल्या किंवा शंका आलेल्या प्रवाशांना बसवून ठेवण्याच्या खोल्या आहेत. झोपायला धड जागा नाही, अंघोळीची सोय नाही, लहान मुलांसाठी वेगळी व्यवस्था अपुरी, असे तिथल्या स्वतंत्र देखरेख मंडळाने वर्षानुवर्षे लिहिले. या मंडळांवर साधे नागरिक बिनपगारी काम करतात. पूर्वसूचना न देता आत जाणे, कुणाशीही बोलणे, पाहिलेले छापून सरकारला उत्तर द्यायला लावणे हा त्यांचा अधिकार. ब्रिटनमधल्या या दुरवस्थेबद्दल आज एवढे तपशिलाने लिहिता येते ते अशा माणसांमुळे, हे त्या देशाच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण नुसत्या लिहिण्याने खोलीत खाट येत नाही. अल्पकालीन केंद्रांसाठीचे नियम तिथे दहा वर्षांहून अधिक काळ मसुद्याच्या रूपातच पडून होते. ते लागू झाले २०१८ मध्ये. आणि २०२२ च्या गोंधळानंतर सरकारने काय केले? जानेवारी २०२३ पासून नव्या वर्गाच्या खोल्या निर्माण करून तिथे ९६ तासांपर्यंत माणसे ठेवण्याची मुभा घेतली. पुढे मॅन्स्टनमध्ये वैद्यकीय कर्मचारी वाढले, राहण्याची सोयही सुधारली, हे नाकारायचे कारण नाही. तरी मोडलेला नियम पाळण्याऐवजी नियमच रुंद करून घेण्याची ही रीत धोक्याची आहे, कारण पुढच्या गर्दीत ९६ तासांचेही तेच होऊ शकते.

डेव्हिड नील यांचे काय झाले तेही इथेच सांगायला हवे. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना पदावरून काढण्यात आले. विमानतळावरच्या तपासणीतील त्रुटींची माहिती त्यांनी वृत्तपत्राला दिली, हे कारण होते. मॅन्स्टनची स्वतंत्र चौकशी सुरू व्हायला २०२५ साल उजाडले, आणि तीही साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचे अधिकार नसलेली.

अमेरिकेत हीच कथा वेगळ्या आकड्यांनी घडते. मेक्सिकोच्या सीमेवर पकडलेल्यांना सीमा गस्ती दलाच्या कोठड्यांत शक्यतो ७२ तासांच्या वर ठेवू नये, असे त्या खात्याचे स्वतःचे मानक. मे २०१९ मध्ये गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांचे पथक टेक्सासमधल्या एल पासोच्या केंद्रात गेले. क्षमता १२५, आत ९०० माणसे. बारा जणांच्या कोठडीत ७६. श्वास घ्यायला थोडी जागा मिळावी म्हणून माणसे शौचकुपांवर उभी होती आणि त्यामुळे ते वापरता येत नव्हते. कित्येकांच्या अंगावर दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे तेच मळलेले कपडे होते. हा कुठल्या संघटनेचा आरोप नव्हे. सरकारच्या माणसांनी मोजून लिहिलेला अहवाल आहे, छायाचित्रांसह.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपील न्यायालयापुढे एक सुनावणी झाली. ताब्यातल्या मुलांना सुरक्षित आणि स्वच्छ जागेत ठेवण्याचे बंधन अमेरिकी सरकारने १९९७ च्या तडजोडीत मान्य केले होते. सरकारी वकिलांचा युक्तिवाद असा, की त्या करारात साबणाचा आणि दात घासायच्या ब्रशचा उल्लेख नाही. थोड्या वेळासाठी ठेवलेल्या मुलांना ते द्यावेच लागतील असे त्यातून निघत नाही. तीन न्यायाधीश थक्क झाले. साबण नाही, ब्रश नाही, पांघरूण नाही, अशी जागा स्वच्छ आणि सुरक्षित नसते हे कुणालाही समजते, असे न्यायमूर्ती वॉलेस ताशिमा यांनी सुनावले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी कुटुंबांना सरकारने छावण्यांत डांबले होते. लहानगे ताशिमा ॲरिझोनातल्या अशाच एका छावणीत होते. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले.

सरकारी वकिलाला हा युक्तिवाद करावासा वाटला, याचे मूळ ‘थोड्या वेळासाठी’ या गृहीतकातच आहे. टूसॉनच्या सीमा कोठड्यांबाबतच्या खटल्यात न्यायाधीश डेव्हिड बरी यांनी २०२० मध्ये त्या गृहीतकालाच हात घातला. आतल्या कॅमेऱ्यांची चित्रे त्यांच्यापुढे होती: सिमेंटच्या जमिनीवर, शौचालयाच्या आडोशापर्यंत, एकमेकांना चिकटून झोपलेली माणसे, अंगावर चंदेरी कागदासारखी पातळ पांघरुणे. त्यांचा निकाल सरळ होता. ४८ तासांनंतर ज्याला ठेवायचे त्याला खाट आणि पांघरूण, अंघोळ, पुरेसे अन्न, पिण्याचे पाणी आणि वैद्यकीय जाणकाराकडून तपासणी मिळालीच पाहिजे. हे देता येत नसेल तर त्या कोठडीत त्याला ठेवता येणार नाही. सोय आणि वेळ यांची अशी गाठ घालून देणे हा या साऱ्या प्रश्नातला सर्वांत शहाणपणाचा उपाय आहे. कारण त्यामुळे गर्दी झाली की बोजा माणसाच्या पाठीवर न पडता खात्यावर पडतो.

तरी प्रश्न मिटत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर अंमलबजावणी खात्याने आपल्या शहरी कार्यालयांतल्या तात्पुरत्या खोल्यांची १२ तासांची मर्यादा एका आदेशाने ७२ तासांवर नेली. न्यूयॉर्कच्या २६, फेडरल प्लाझा या सरकारी इमारतीच्या दहाव्या मजल्यावरच्या खोल्यांत त्याचा अर्थ लगेच दिसला. ऑगस्टमध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांना आदेश द्यावा लागला: माणशी किमान ५० चौरस फूट जागा, झोपायला गादी, दिवसातून तीनदा स्वच्छता, वकिलाशी खासगीत फोनवर बोलण्याची सोय. पन्नास चौरस फूट म्हणजे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला ही जागा डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकात एवढ्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून चालणार नाही. बेकायदा घुसलेल्यांचे एवढे लाड कशाला? सोयी दिल्या तर आणखी येतील. सीमेचे रक्षण करणे, कोण आत आला हे तपासणे, ज्याचा हक्क नाही त्याला परत पाठवणे, हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे आणि तो असलाच पाहिजे. पण होडीतून उतरलेला माणूस त्या क्षणी ना शिक्षा झालेला गुन्हेगार असतो, ना त्याचा अर्ज फेटाळला गेलेला असतो. ब्रिटनने २०२२ मध्ये आश्रयाच्या अर्जांवर दिलेल्या पहिल्या निर्णयांत दर चारांपैकी तिघांना संरक्षण मिळाले. म्हणजे ज्यांना तंबूत जमिनीवर झोपवले त्यांतल्या बहुसंख्यांना पुढे त्याच सरकारने कायदेशीर रहिवासी मानण्याची शक्यता होती. आणि ज्यांना परत पाठवायचे आहे त्यांनाही घटसर्प देऊन पाठवण्याचा अधिकार कुणाला नाही. दुसरे असे, की कोरड्या पॅंटच्या आशेने कुणी हिवाळ्यात रबरी होडीत बसत नाही. टग हेवनची अवस्था २०२० मध्ये वाईट होती. २०२१ मध्ये आणि २०२२ मध्ये येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली.

भारताशी या प्रश्नाचे नाते जुने आहे. ब्रिटनमध्ये हद्दपारीसाठी माणसाला किती काळ अडकवून ठेवता येईल, याचा आजही वापरला जाणारा निकष एका भारतीयाच्या खटल्यातून आला. हरदियाल सिंग यांच्या प्रकरणात १९८३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की हद्दपारीसाठी लागेल तेवढ्याच वाजवी काळापुरते माणसाला ठेवता येते, आणि सरकारने त्या काळात हातपाय हलवले पाहिजेत. नंतरच्या असंख्य निकालांत हे तत्त्व उद्धृत झाले. तर ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते, हातकड्या आणि पायांत साखळ्या घातलेले. गुजरात, हरियाणा, पंजाबचे बहुतेक, तिघे महाराष्ट्राचे. त्या दृश्याने इथे संताप झाला तो रास्तच होता. आपली माणसे परक्या देशाच्या ताब्यात असताना त्यांना माणसासारखे वागवावे, ही अपेक्षा चुकीची कशी म्हणता येईल?

तीच अपेक्षा मग आपल्या दारातही लागू होते. परदेशी नागरिकांना ठेवण्याच्या केंद्रांसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना एक नमुना-पुस्तिका पाठवली. तुरुंगाच्या आवाराबाहेर जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृहे, स्त्री-पुरुषांची वेगळी सोय, कुटुंबांची ताटातूट नको, असे पुष्कळ चांगले तिच्यात आहे. आसामातल्या गोलपाडा जिल्ह्यातले मातिया केंद्र ३,००० माणसांसाठी मुद्दाम बांधलेले. राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या पाहणीनंतर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या स्थितीवर तीव्र नाराजी व्यक्त केली: पाणीपुरवठा धड नाही, स्वच्छता नाही, शौचालये नीट नाहीत. नवे बांधकाम आणि चांगली पुस्तिका दोन्ही असताना ही गत.

अल्पकालीन केंद्रांचे तर आणखी वेगळे. जुलै २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये पोलिसांनी चक्क समाजमंदिरांत ‘होल्डिंग सेंटर’ उघडली. जिथे एरवी बारशी आणि लग्नाची जेवणे होतात तिथे कचरा वेचणारे, घरकाम करणारे बंगाली भाषक कामगार आणून बसवले. पडताळणीनंतर बहुतेकांना सोडून द्यावे लागले, पण तोवर कितीतरी कुटुंबे वस्ती सोडून गावाकडे निघून गेली होती. त्याच्या आधीच्या महिन्यात मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या, मूळच्या मुर्शिदाबादच्या माणसाला बांगलादेशी समजून पकडले गेले. घरच्यांनी कागदपत्रे पाठवली तरी त्याला सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केल्यावर तो परत आला. मुंबईतून उचललेले आणखीही काही बंगालचे मजूर असेच परत आणावे लागले. ज्या ताब्यात असताना फोन नाही, वकील नाही, कुणी बाहेरचा पाहणारा नाही, त्या ताब्यात भारतीय माणूसही काही दिवसांत आपल्याच देशातून हरवू शकतो. मॅन्स्टनच्या तंबूत फोन नसणे आणि मीरा रोडच्या गवंड्याचे कागद कुणी न पाहणे, या दोन्हींची जात एकच आहे. आत काय चालले आहे ते वेळेत बाहेर कळत नाही.

महाराष्ट्रात अशा केंद्राची चर्चा २०१९ पासून आहे. आधी नवी मुंबईतल्या नेरूळचे नाव आले, पुढे मुंबईतल्या भोईवाड्याचे. परदेशी व्यक्तींबाबतचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर ही गरज आणखी ठळक झाली आहे. केंद्र असावे की नसावे, यावर मतभेद असतील. ते होणारच असेल, तर टूसॉनच्या निकालासारखी तासांशी बांधलेली सोय नियमांतच लिहिली जावी. आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ प्रत्येकाच्या नावापुढे नोंदवली जावी आणि ती नोंद जिल्हा न्यायाधीशांकडे रोज जावी. पहिल्या तासात एक फोन, आणि तो त्या माणसाच्या भाषेत बोलणाऱ्याच्या मदतीने. डॉक्टरची तपासणी पहिल्या दिवशी, लसीसह. गर्दी क्षमतेच्या पुढे गेली तर माणसे कुठे हलवायची, ती जागा आधीच ठरलेली असावी. ऐन वेळी समाजमंदिर शोधायची वेळ येऊ नये. आणि मातियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या विधी सेवा प्राधिकरणाला अचानक भेटी देऊन पाहणी करायला सांगितले, तसा अधिकार महाराष्ट्राच्या प्राधिकरणाला केंद्र उघडण्याच्या पहिल्या दिवसापासून मिळावा. त्यासाठी आधी कुणी न्यायालयात जाण्याची, किंवा आत कुणी मरण्याची, वाट पाहण्याचे काही कारण नाही.